ताम्हिणी, बेटावरची

मुळशीचा तलाव मागे पडला, विंझाईची देवराई आली की गाडीतून उतरा. आषाढ आहे. डोंगर धुक्यात गेलेत, चहूकडून फक्त पाण्याचा आवाज येतोय. रस्त्याकडेच्या काळ्या कातळावर तळहात टेकवा आणि मागे चला.

1921 साल. खाली तलाव नाही, भातखाचरं आहेत. टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर मावळातले शेतकरी उभे आहेत. शेवटी त्यांची गावं बुडणारच हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही. इथे पाय अडखळतो, पण अजून फार मागे जायचंय.

6.6 कोटी वर्षांपूर्वी. हाताखालचा कातळच नाहीसा होतो. घाट नाही, कोकण नाही, नजर पोचेल तिथवर सपाट काळा माळ. तुम्ही विषुववृत्ताच्या दक्षिणेला, एका अवाढव्य बेटावर उभे आहात. मादागास्करची साथ केव्हाच सुटलीय, आशिया अजून फार लांब आहे. वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून अधिक वेगाने हे बेट उत्तरेकडे सरकतंय. सरकताना ते ज्या तप्त स्रोतावरून गेलं, तोच आज रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी पेटता ठेवतो, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

शंकूच्या आकाराचा डोंगर शोधू नका. जमिनीलाच लांबच लांब भेगा पडल्यात आणि त्यांतून पातळ, हजार अंशांहून तप्त लाव्हा पसरतोय. गंधकाच्या वायूने घसा जळतो. थर निवतो, मग पुढचा उद्रेक कधी लवकर, कधी हजारो वर्षांनी. थांबायचं ते या मधल्या काळात. पाऊस खडक कुजवतो, माती तयार होते, तळी साचतात, जीव परततात. पुन्हा लाव्हा येतो आणि ती माती भाजतो. सह्याद्रीच्या घाटांत काळ्या थरांमध्ये दिसणारा तांबडा पट्टा म्हणजे हीच माती. मुंबईत वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या खडकात, चिमुकल्या बेडकांचे आणि कासवांचे जीवाश्म सापडले. त्या बेडकांचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्येच केलं होतं.

याच सुमारास तिकडे मेक्सिकोत अशनी कोसळतो. डायनासोर संपतात, पण बेडकांचे कित्येक वंश टिकतात. बेटाच्या दक्षिण टोकापर्यंत लाव्हा पोचला नव्हता. 2003 मध्ये केरळातून जगासमोर आलेला जांभळा बेडूक अशाच एका जुन्या वंशातला. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक सेशेल्समध्ये राहतात, आणि सेशेल्स हा याच भूमीचा तुटलेला तुकडा आहे.

आता परत या. वाटेत पश्चिमेची जमीन खचते, कडे झिजत मागे सरतात, बेट आशियाला धडकतं, ढग कड्यांना अडू लागतात. हात पुन्हा ओल्या कातळावर टेकतो. जरा वाकून बघा. सह्याद्रीतल्या इंदिराना बेडकांची पिल्लं डबक्यात वाढत नाहीत, अशाच झिरपत्या कातळाला चिकटून वाढतात. वरच्या फांद्यांत एखादं शेकरू असेल. ते सहसा जमिनीवर उतरत नाही, त्याला झाडाला झाड भिडलेलं लागतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात विंझाईच्या राईसारख्या पश्चिम घाटातल्या देवरायांचं मोल अभ्यासातून मांडलं. इथल्या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला तो 2013 मध्ये.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. घाटरस्ता रुंद करताना, जिथे दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींना भिडतात, ती जागा सोडा. दरड रोखायला जाळी लावावी लागली तर लावा, पण पाझरता कातळ सरसकट सिमेंटने लिंपू नका. आणि पावसाळी सहलीला आलात तर त्या कातळावर चढून फोटो काढू नका, पिल्लं तुमच्या बुटाखालीच असतात.