साक्ष आणि विश्वास : सहकारी-समुपदेशनाच्या गोपनीयतेचा इतिहास

१

मनुष्य आपले दुःख कोणापाशी बोलतो, आणि ते बोलणे पुढे कोणाच्या कानी जाऊ शकते, हे दोन प्रश्न वरवर पाहता भिन्न आहेत. पहिला मानसशास्त्राचा आहे, दुसरा विधिशास्त्राचा. परंतु आग, अपघात, गोळीबार अशा ठिकाणी सर्वांच्या आधी पोहोचणे हेच ज्यांचे काम, त्या अग्निशामक, पोलीस आणि रुग्णवाहिकेवरील सेवकांच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न गेल्या काही दशकांत एकमेकांत गुंतत गेले आहेत. भीषण प्रसंगानंतर ह्या मंडळींना आपल्याच व्यवसायातील, त्या कामाचे शिक्षण घेतलेल्या सोबत्यापाशी मन मोकळे करता यावे, ह्या व्यवस्थेस सहकारी-समुपदेशन असे म्हणता येईल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही व्यवस्था विशेष वाढीस लागली आणि तिच्या गोपनीयतेचा वादही तेथील न्यायालयांत व विधिमंडळांत गेला. त्या वादाचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. कायद्याने गुपितास जे संरक्षण दिले, ते बहुतांशी ऐकणाऱ्याचे पद पाहून दिले, बोलणाऱ्याची गरज पाहून नव्हे. सहकारी हा मात्र असा श्रोता आहे की ज्याला असे पदच नाही.

२

इंग्लंडच्या रूढ कायद्यात न्यायालयापुढे सत्य सांगणे हे प्रत्येकाचे कर्तव्य मानले गेले, आणि त्यातून मिळणारी सूट हा अपवाद मानला गेला. ह्या सुटीस इंग्रजीत 'प्रिव्हिलेज' म्हणतात. ह्या लॅटिन-मूलक शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ 'एखाद्या व्यक्तीपुरता कायदा' असा आहे, आणि मराठीतील 'विशेषाधिकार' हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. वकील व अशील ह्यांच्या बोलण्यास हा विशेषाधिकार फार पूर्वीच मिळाला. वैद्यास तो मिळाला नाही. इ. स. १७७६ मध्ये किंग्स्टनच्या डचेसवर, पहिला पती हयात असता दुसरा विवाह केल्याचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे चालला. व्यवसायाच्या निमित्ताने कळलेली गोष्ट आपण सांगितलीच पाहिजे काय, अशी शंका तिच्या शल्यवैद्याने साक्ष देताना काढली. लॉर्ड मॅन्सफील्ड ह्यांनी निर्णय दिला तो असा, की वैद्याने आपण होऊन गुपित फोडले तर तो विश्वासघात होईल, परंतु न्यायालयाने विचारल्यावर ते सांगण्यात दोष नाही. पुढे १८२८ मध्ये न्यूयॉर्कने कायदा करून वैद्य-रुग्ण संभाषणास विशेषाधिकार दिला, आणि इतर संस्थानांनी कमीअधिक प्रमाणात त्याचे अनुकरण केले.

मॅन्सफील्ड ह्यांच्या निर्णयात जो भेद आहे, तो ध्यानात ठेवल्यावाचून पुढील इतिहास कळणार नाही. गोपनीयता म्हणजे स्वतःहून न सांगण्याचे बंधन. विशेषाधिकार म्हणजे विचारल्यावरही न सांगण्याचा हक्क. पहिली असून दुसरा नसणे, ही स्थिती सर्वस्वी शक्य आहे, आणि सहकारी-समुपदेशन दीर्घकाळ ह्याच स्थितीत राहिले.

३

भीषण प्रसंगाचा मनावर होणारा परिणाम वैद्यकाच्या चर्चेत ठळकपणे आला तो पहिल्या महायुद्धात. चार्ल्स मायर्स ह्यांनी १९१५ मध्ये 'शेल शॉक' ही संज्ञा वैद्यकीय वाङ्मयात आणली. अमेरिकन सैन्यात टॉमस सामन ह्यांनी, अशा सैनिकांवर आघाडीच्या जवळच आणि विलंब न लावता उपचार करावे, हे तत्त्व पुढे मांडले. नागरी जीवनातील अभ्यासास निमित्त झाले ते बॉस्टन येथील 'कोकोनट ग्रोव्ह' ह्या नृत्यगृहाच्या आगीचे. २८ नोव्हेंबर १९४२ च्या त्या आगीत ४९२ माणसे दगावली. वाचलेल्यांचा व मृतांच्या आप्तांचा अभ्यास करून एरिक लिंडेमन ह्यांनी तीव्र शोकाविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध १९४४ मध्ये लिहिला. निबंधाचा विषय शोकाकुल माणसे हा होता. मृतदेह बाहेर काढणारे अग्निशामक त्याच्या केंद्रस्थानी नव्हते.

ही उणीव भरून काढण्याचा ठळक प्रयत्न जेफ्री मिचेल ह्यांनी केला. ते स्वतः अग्निशामक व रुग्णवाहिका-सेवेत काम केलेले होते. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टन येथे एक प्रवासी विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीच्या गोठलेल्या पात्रात कोसळले आणि ७८ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच्या पुढच्याच वर्षी मिचेल ह्यांनी आपली समूह-संभाषणाची पद्धती प्रसिद्ध केली. तिच्या नावात त्यांनी 'डीब्रीफिंग' हा शब्द योजला. हा शब्द मूळचा लष्करी आहे. मोहिमेवर जाणाऱ्यास सूचना देणे हे 'ब्रीफिंग', आणि परतलेल्या वैमानिकास प्रश्न विचारून माहिती काढून घेणे हे 'डीब्रीफिंग'. सांत्वनाच्या प्रक्रियेस चौकशीच्या परिभाषेतून नाव मिळावे, हा केवळ शब्दयोजनेचा योगायोग नव्हे. ह्या पद्धतीच्या सात पायऱ्यांपैकी प्रास्ताविकानंतरची पहिलीच पायरी 'तथ्यां'ची आहे. प्रत्येकाने आपण कोठे होतो, काय पाहिले, काय केले, हे सांगावयाचे, आणि त्यानंतर विचारांकडे व भावनांकडे वळावयाचे. मनाच्या दृष्टीने हा क्रम सुकर असेल. परंतु न्यायालयास जे हवे असते, नेमके तेच ह्या पायरीवर, आणि तेही अनेकांसमक्ष, उच्चारले जाते.

ह्या पद्धतीच्या उपयुक्ततेविषयीही पुढे शंका उपस्थित झाल्या. २००२ च्या कॉक्रेन समीक्षेने, एकाच बैठकीत उरकलेले वैयक्तिक डीब्रीफिंग आघातोत्तर विकारास प्रतिबंध करते असा पुरावा नाही, आणि ते सक्तीने करणे थांबवावे, असा निष्कर्ष काढला. तेव्हा सक्तीच्या बैठकीपेक्षा स्वेच्छेने, आपल्या सोयीने, एकट्या सहकाऱ्यापाशी बोलणे अधिक इष्ट, ह्या विचारास बळ आले. परंतु स्वेच्छा आली म्हणजे विश्वासाचा प्रश्न आलाच. आपले बोलणे वरिष्ठांच्या टेबलावर जाणार असेल, तर कोणीही आपण होऊन बोलणार नाही.

४

ह्या विश्वासाची न्यायालयीन कसोटी 'जॅफी विरुद्ध रेडमंड' ह्या खटल्यात लागली. २७ जून १९९१ रोजी इलिनॉय संस्थानातील एका उपनगरात, मारामारी चालू असल्याची वर्दी मिळाल्यावरून एक पोलीस अधिकारी स्त्री सर्वांच्या आधी घटनास्थळी गेली. तेथे तिने झाडलेल्या गोळीने एक मनुष्य मरण पावला. तो सुरा घेऊन दुसऱ्यावर वार करण्याच्या बेतात होता, असे तिचे म्हणणे. तो निःशस्त्र होता, असे त्याच्या आप्तांचे म्हणणे. घटनेनंतर ती अधिकारी एका परवानाधारक समाजसेविकेकडे समुपदेशनासाठी सुमारे ५० वेळा गेली. मृताच्या वारसांनी दावा लावला आणि त्या बैठकींच्या टिपणांची मागणी केली. अधिकारी व समुपदेशक दोघींनीही ती नाकारली. तेव्हा टिपणांतील मजकूर अधिकाऱ्यास प्रतिकूल आहे असे गृहीत धरण्यास हरकत नाही, असे जिल्हा न्यायाधीशांनी ज्यूरीस सांगितले. ज्यूरीने एकूण ५,४५,००० डॉलरांची भरपाई दिली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १३ जून १९९६ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने विशेषाधिकार मान्य केला. न्या. जॉन पॉल स्टीव्हन्स ह्यांच्या निकालपत्राचा रोख असा, की मानसोपचार विश्वासावाचून चालू शकत नाही. प्रत्येक खटल्यात पुराव्याची गरज व रुग्णाचे हित ह्यांचे वजन करून निर्णय द्यावयाचा ठरविल्यास, बोलतेवेळी कोणासच भरवसा वाटणार नाही. संरक्षण नसते तर कबुली देणारे शब्द उच्चारलेच गेले नसते. मग न्यायालयाचे नुकसान ते काय, असा हा युक्तिवाद आहे.

न्या. अँटोनिन स्कालिया ह्यांचे विरोधी मत ह्या इतिहासाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. मनुष्य आजवर आपले मनःस्वास्थ्य राखीत आला तो आईबाप, भावंडे व जिवलग मित्र ह्यांच्याशी बोलून. त्यांपैकी कोणासही न्यायालयात न बोलण्याचा हक्क दिला गेला नाही, मग परवानाधारक समाजसेविकेसच तो का, असा त्यांचा प्रश्न होता. विशेषाधिकाराची किंमत, निर्णय चुकल्यास, न्याय न मिळालेल्या पक्षास मोजावी लागते, हेही त्यांनी निक्षून सांगितले. मृताच्या आप्तांच्या बाजूने पाहता हा आक्षेप क्षुल्लक नाही. आपला मनुष्य कसा मेला हे जाणण्याचा त्यांचा हक्क, आणि आपल्या हातून मनुष्य मेला हे कोणापाशी तरी बोलण्याची अधिकाऱ्याची गरज, ह्या दोहोंत निवड करणे न्यायालयास भाग पडले.

ह्या निकालाने समाजसेविकेपर्यंत संरक्षण आले. सहकाऱ्यापर्यंत ते आले नाही. पुढील दोन निर्णय ह्या सीमारेषेच्या दोन बाजू दाखवितात. २००१ मध्ये नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने, नोकरदारांच्या साहाय्य-योजनेतील परवाना नसलेल्या समुपदेशकांपाशी केलेल्या बोलण्यासही हे संरक्षण लागू केले. उलट, १९३५ पासून चालत आलेल्या 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ह्या व्यसनमुक्ती-मंडळाच्या एका सदस्याने इतर सदस्यांपाशी हत्येविषयी जे सांगितले होते, त्यास २००२ मध्ये दुसऱ्या मंडलाच्या न्यायालयाने संरक्षण नाकारले. बरोबरीच्या माणसाशी बोलणे हाच ह्या मंडळाचा पाया. परंतु कायद्याच्या दृष्टीने तो श्रोता कोणत्याच मान्य वर्गात बसला नाही.

५

न्यायालयांनी जे केले नाही ते विधिमंडळांनी करावयास घेतले. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये पोलिसांसाठी व अग्निशामकांसाठी दोन स्वतंत्र कायदे केले. त्यांनुसार सहकारी-समुपदेशकापाशी केलेले बोलणे उघड न करण्याचा व इतरांस करू न देण्याचा हक्क बोलणाऱ्यास मिळाला. परंतु समुपदेशकाने ठराविक शिक्षण घेतलेले असले पाहिजे, आणि फौजदारी खटल्यात हे संरक्षण चालणार नाही, अशा मर्यादा त्यात आहेत. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन ह्यांच्या स्वाक्षरीने संघराज्याच्या पोलीस-सेवांसाठीही कायदा झाला. त्यातही गुन्ह्याची कबुली, बालकांचा वा वृद्धांचा छळ, दुसऱ्याच्या जिवास तात्काळ धोका आणि न्यायालयाचा आदेश हे अपवाद ठेवले आहेत. म्हणजे ह्या कायद्याने दिली ती मुख्यतः गोपनीयता. मॅन्सफील्ड ह्यांनी ओढलेली रेषा त्याने पुसली नाही.

ह्याच कायद्यातील एक तरतूद विशेष विचारार्ह आहे. आत्महत्येची स्पष्ट धमकी हा अपवाद आहे, परंतु मरणाचा हेतू, त्याची योजना वा साधन ह्यांचा उल्लेख असेल तरच ती स्पष्ट समजावी. केवळ तसे विचार मनात येतात एवढेच कोणी सांगितले, तर गोपनीयता भंगत नाही. ह्या भेदाचा व्यवहारातील अर्थ मोठा आहे. 'जगावेसे वाटत नाही' असे म्हणणाऱ्याचे हत्यार काढून घेऊन त्यास घरी बसविले जाईल अशी धास्ती असेल, तर ते वाक्य तो उच्चारणारच नाही. ते उच्चारता यावे एवढी जागा कायद्याने येथे राखून ठेवली आहे.

६

भारतीय कायदा ह्याच इंग्रजी परंपरेतील. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन ह्यांनी रचलेल्या १८७२ च्या पुरावा अधिनियमाने पती-पत्नी व वकील-अशील ह्यांच्या बोलण्यास संरक्षण दिले. वैद्यास दिले नाही. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही रचना कायम आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला खरा; परंतु तिचे बंधन आरोग्य-व्यावसायिकांवर आहे, अग्निशामक केंद्रातील सोबत्यावर नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटात ६६ अग्निशामकांनी प्राण गमावले, आणि त्या दिवशी देशभर त्यांचे स्मरण केले जाते. त्या दिवशी जे जिवंत परतले, त्यांनी पाहिलेले ऐकून घेण्यासही बहुधा त्यांचे सोबतीच होते. कायद्याने अशा श्रोत्यास आजही नाव दिलेले नाही.

सारांश, सहकाऱ्याचे बळ आणि त्याची दुर्बलता ही एकाच कारणातून उद्भवतात. तो त्याच आगीत उभा राहिलेला असतो, म्हणून त्याच्यापाशी बोलता येते. आणि त्याच आगीत उभा असल्यामुळे तो साक्षीदारही होऊ शकतो. अमेरिकन कायद्यांनी ह्यावर काढलेला मार्ग अपुरा आहे, तथापि त्यातून एक धडा निश्चित मिळतो. 'येथले बोलणे येथेच राहील' असे मोघम आश्वासन देणारा समुपदेशक, नकळत का होईना, असत्य बोलत असतो. काय राहील, काय राहणार नाही आणि कोणाच्या आदेशाने बाहेर जाईल, हे त्याने संभाषणाच्या आरंभीच सांगितले पाहिजे. त्यामुळे काही जण कदाचित गप्प राहतील. परंतु जे बोलतील त्यांचा, आणि न्यायासाठी न्यायालयाच्या दाराशी उभ्या असलेल्या आप्तांचाही, विश्वासघात होणार नाही.