‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) : अरण्यातील भय आणि जबाबदारीचा प्रश्न

प्रस्तावना :
अरण्यात मुक्कामास गेलेल्या तरुणांची धारदार शस्त्राने एकामागून एक हत्या होते, अशा कथानकाच्या अमेरिकी भयपटांना ‘स्लॅशर’ या वर्गात गणले जाते. त्यांची चर्चा प्रामुख्याने हिंसा व लैंगिकता यांच्या अनुषंगाने झाली आहे. प्रस्तुत लेखात शॉन कनिंगहॅम दिग्दर्शित ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या चित्रपटाच्या आधारे, अशा कथांत अपराध कोणाच्या माथी मारला जातो, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :
जॉन बुर्मन यांच्या ‘डिलिव्हरन्स’ (१९७२) मध्ये अटलांटा शहरातील चार पुरुष, धरणामुळे लवकरच बुडणारी नदी पाहण्यास निघतात. टोबी हूपर यांच्या ‘द टेक्सास चेनसॉ मॅसकर’ (१९७४) मधील मारेकरी कुटुंबाचा संबंध कत्तलखान्याशी असून, यंत्रे आल्याने तेथील माणसांचे काम गेल्याचा उल्लेख संवादात येतो. विकासाची किंमत मोजणारा ग्रामीण माणूसच दोन्ही चित्रपटांत राक्षस ठरतो.

चित्रपटाचे वेगळेपण :
उन्हाळी शिबिर ही अमेरिकी मध्यमवर्गाची जुनी संस्था होय. कनेक्टिकट राज्यातील शिक्षक फ्रेडरिक गन यांनी १८६१ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना मुक्कामी नेले, तेव्हापासून तिचा आरंभ मानला जातो. निसर्गाच्या सहवासात शील घडते, ही तिच्यामागील श्रद्धा. कनिंगहॅम यांनी नेमके हेच विश्वासाचे स्थळ निवडले. चित्रीकरणही न्यू जर्सीतील बॉय स्काउट्सच्या प्रत्यक्ष शिबिरस्थळी झाले.

कथेत १९५७ साली, देखरेखीवर नेमलेल्या तरुणांच्या दुर्लक्षामुळे जेसन नावाचा मुलगा तळ्यात बुडतो. पुढे गावकऱ्यांचे इशारे डावलून मालक शिबिर पुन्हा सुरू करतो आणि हत्यासत्र आरंभते. येथे गावकरी मारेकरी नाहीत, तर सावध करणारे आहेत. मारेकरी ठरते ती जेसनची आई, त्याच शिबिरातील एकेकाळची स्वयंपाकीण. तिचे कृत्य असमर्थनीय आहे. तिने मारलेल्या तरुणांचा मूळ दुर्लक्षाशी संबंधही नाही. तथापि, तिची तक्रार खरी आहे, आणि ती ऐकून घेणारे कथेत कोणीही नाही.

उत्तरभागांतील बदल :
सुमारे साडेपाच लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने अमेरिकेत सुमारे चार कोटी डॉलरची कमाई केली. साहजिकच उत्तरभाग निघाले. १९८१ च्या दुसऱ्या भागात जेसन जिवंत असून जंगलातील झोपडीत राहणारा मारेकरी म्हणून अवतरतो. १९८२ च्या तिसऱ्या भागात त्याला हॉकीचा मुखवटा मिळतो. पुढे हा मुखवटाच मालिकेची ओळख बनला. आईचे दुःख सूडाच्या निमित्तापुरते उरले, तर संस्थेच्या दुर्लक्षाचा प्रश्न मागे पडला.

निष्कर्ष :
पहिल्या चित्रपटात भयाचे मूळ अरण्यात नसून माणसांच्या बेपर्वाईत आहे. उत्तरभागांनी ते पुन्हा अरण्यात नेऊन ठेवले. मुखवटा घातलेल्या रानटी माणसाला भिणे प्रेक्षकाला सोपे जाते, कारण त्यात स्वतःकडे पाहावे लागत नाही. मूल सांभाळण्याची हमी देणारी संस्था आणि तिच्यावर विसंबणारी, तेथेच राबणारी आई यांच्यातील तुटलेला विश्वास मात्र अस्वस्थ करतो. या भयपटाचे सामाजिक दस्तऐवज म्हणून मूल्य त्या अस्वस्थतेतच आहे.