वसईच्या किल्ल्यातील पायवाट

वसई-विरारला २००९ साली महानगरपालिका मिळाली आणि वाड्यांतून, केळीच्या बागांतून एक अवाढव्य शहर उभे राहिले. या शहराचा जुना चेहरा पाहायचा असेल, तर वाहन बाहेर ठेवून किल्ल्यात पायीच शिरले पाहिजे. परवा आम्ही तसेच केले.

भूदरवाजातून आत जाताना १५३४ हे साल आठवले. मोगल बादशहा हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने त्या वर्षी तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे दोनशे वर्षे त्यांच्या ‘उत्तर प्रांता’ची ही राजधानी होती. आज वाट झाडीतून जाते आणि एकामागून एक छप्पर नसलेली मंदिरे लागतात. संत योसेफाच्या महामंदिराच्या दारावर १६०१ हे साल कोरलेले आहे. फ्रान्सिस्कनांच्या मंदिरात पायाखाली थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर सरदारांची नावे आणि कुलचिन्हे आढळतात. पण हे दगड ज्यांनी घडवले आणि वाहिले, त्यांची नावे आम्हाला कुठेच दिसली नाहीत.

येथेच आमची पावले थबकली. आम्ही या अवशेषांकडे कोणत्या नात्याने पाहावे? श्रद्धा आम्हाला या मंदिरांतून मिळाली, हे खरे. पण तिच्याबरोबर परकी सत्ताही आली आणि तिचा जाच येथल्या लोकांनी सोसला, हेही तितकेच खरे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. येथल्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या; नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात त्यांतली एक आजही आहे. पोर्तुगीज गेले, घंटा गेल्या. आमचे पूर्वज मात्र येथेच राहिले. शेती, मासेमारी, बोली आणि प्रार्थना त्यांनी सोडली नाही. श्रद्धा जर केवळ सत्तेची सावली असती, तर सत्तेबरोबरच ती मावळली नसती का?

उत्तर याच मातीत सापडते. संत गोन्सालो गार्सिया १५५७ च्या सुमारास वसईत जन्मले. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे त्यांनी क्रुसावर प्राण अर्पण केला, तेव्हा त्यांच्यामागे ना फौज होती ना तट. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. किल्ला पडला, त्यांची साक्ष उभी आहे.

दर्या दरवाजातून बाहेर पडलो, तेव्हा किल्लाबंदरात जाळी वाळत होती आणि होड्या परतत होत्या. वाचकहो, सुट्टीच्या एका सकाळी मुलांना घेऊन या वाटेने अवश्य चाला. ‘तुम्ही पोर्तुगीज का?’ असे कोणी विचारले, तर काय सांगावे हे त्यांना भिंतींपेक्षा ही वाटच अधिक चांगले शिकवील. आम्ही या मातीचेच आहोत आणि ख्रिस्ताचेही आहोत. यांपैकी एकासाठी दुसरे नाकारण्याची आम्हाला गरज नाही.