राज्यशास्त्र (पदवी अभ्यास)
कला शाखेच्या पदवीसाठी मुख्य विषय म्हणून घेतले जाणारे सामाजिक शास्त्र. राज्यसंस्था, सत्ता आणि नागरिक यांचे परस्परसंबंध हा त्याचा गाभा. महाराष्ट्रात विद्यार्थी त्याला सर्रास ‘पॉलिटिक्स’ म्हणतात. नातेवाईक मात्र पोरगा पुढारी होणार, असे समजतात. अभ्यासक्रमात प्लेटो, ॲरिस्टॉटल, कौटिल्य यांच्यापासून गांधी, आंबेडकरांपर्यंतचे राजकीय विचार, भारतीय संविधान, लोकप्रशासन आणि आंतरराष्ट्रीय संबंध येतात.

संविधानाच्या तासाला विषय खरा रंगतो. केशवानंद भारती खटल्यात (1973) सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा मताधिक्याने ‘मूलभूत संरचने’चे तत्त्व मांडले. संसदेला घटनादुरुस्ती करता येते, पण संविधानाचा गाभा मोडता येत नाही, हे समजले की कलमांची घोकंपट्टी मागे पडते. पंचायतींविषयीची 73वी घटनादुरुस्ती (1992) वाचलेल्या ग्रामीण विद्यार्थ्याला गावची ग्रामसभा निराळी दिसू लागते : सूचना कधी लागली, गणपूर्ती झाली का, ठराव कोणी मांडला.

स्पर्धा परीक्षेतील उपयोगामुळे अनेक जण हा विषय निवडतात. त्या घाईत सिद्धांताचे पेपर बहुधा गाईडवर भागवले जातात, ही अध्यापकांची जुनी तक्रार रास्तच आहे.