भंडारा जिल्ह्याचे संकेतस्थळ आणि सीएमएसची निवड

संकेतस्थळ कोणत्या कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिमवर, म्हणजे रूढ बोलीत सीएमएसवर, चालवायचे हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. सरकारी कार्यालयात मात्र तो अधिकाराचा प्रश्न असतो. जिल्ह्याची माहिती कोणी लिहायची, चुकली तर कोणी दुरुस्त करायची, किती वेळात करायची आणि ती मराठीत नीट वाचता येणार की नाही, हे सारे त्या एका निवडीवर अवलंबून असते. भंडारा जिल्ह्याच्या माहितीचा छापील ग्रंथापासून आजच्या संकेतस्थळापर्यंतचा प्रवास पाहिला, तर हा प्रश्न टप्प्याटप्प्याने कसा सुटत गेला आणि कुठे अजून बाकी आहे, हे स्पष्ट होते.

छापील माहितीचा काळ

भंडारा जिल्ह्याची एकत्रित माहिती देणारा एक मोठा ग्रंथ १९०८ मध्ये निघाला. मध्य प्रांताच्या जिल्हा गॅझेटिअर मालिकेतील हा खंड आर. व्ही. रसेल यांनी संपादित केला होता. त्यानंतर महाराष्ट्र राज्य गॅझेटिअर मालिकेत भंडाऱ्याचा सुधारित खंड १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन खंडांमध्ये सात दशकांचे अंतर पडले. एवढ्या काळात देश स्वतंत्र झाला, १९५६ मध्ये जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. भंडाऱ्याकडे भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी हे सात तालुके राहिले. १९७९ च्या खंडातील क्षेत्रफळ, लोकसंख्या, तलाव, जंगल, धानाचे क्षेत्र हे सगळे आकडे अविभाजित जिल्ह्याचे होते. पुस्तक खरे होते, पण त्यातला जिल्हा बदलला होता. दरवर्षीचे आकडे अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ या प्रकाशनातून मिळत. रोजच्या कामाच्या सूचना राजपत्र, वर्तमानपत्रातील जाहिरात, तहसील कार्यालयाचा सूचना फलक आणि गावातली दवंडी यांतून लोकांपर्यंत जात. या व्यवस्थेत मजकूर कोणी लिहायचा आणि कोणाच्या सहीने तो प्रसिद्ध व्हायचा, हे पक्के ठरलेले होते. जिल्हाभर तो वेळेवर पोहोचत मात्र नसे.

एनआयसी आणि एचटीएमएलची पाने

केंद्र सरकारने १९७६ मध्ये नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर, म्हणजे एनआयसी, स्थापन केले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या संस्थेचे उपग्रहाधारित जाळे, निकनेट, देशातील जिल्हा मुख्यालयांपर्यंत पोहोचू लागले. जिल्हाधिकारी कार्यालयातच एनआयसीचे केंद्र सुरू झाले आणि तेथे जिल्हा सूचना विज्ञान अधिकारी नेमला जाऊ लागला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढच्या काही वर्षांत जिल्ह्यांची संकेतस्थळे एनआयसी डॉट इन या पत्त्याखाली दिसू लागली. भंडाऱ्याचे जुने संकेतस्थळही याच पत्त्यावर होते.

त्या काळची अशी संकेतस्थळे बहुधा एचटीएमएलमध्ये लिहिलेल्या सुट्या पानांची असत. प्रत्येक पान ही स्वतंत्र फाइल. डावीकडची यादी, वरचे शीर्षक आणि खालची टीप प्रत्येक फाइलमध्ये पुन्हा लिहावी लागे. एखाद्या अधिकाऱ्याची बदली झाली की नाव आणि दूरध्वनी बदलण्यासाठी संबंधित शाखेने कागद एनआयसीकडे पाठवायचा, तेथील तंत्रज्ञाने फाइल उघडून दुरुस्ती करायची आणि ती सर्व्हरवर चढवायची, असा क्रम होता. माहिती महसूल, पुरवठा, निवडणूक, पुनर्वसन अशा शाखांकडे असे, पण लिहिण्याचे साधन एकाच खोलीत होते. त्यामुळे संकेतस्थळावर टिकाऊ मजकूर अधिक आणि चालू मजकूर कमी राही.

फॉन्टचा अडसर

मराठीचा प्रश्न यापेक्षाही अवघड होता. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे प्रमाण भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. कार्यालयांत मात्र मराठी टंकलेखन श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएम यांसारख्या प्रणालींवर होई. प्रत्येक प्रणालीच्या फॉन्टची आतली मांडणी वेगळी. एका फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत.

यावर तीन उपाय होते. वाचकाला फॉन्ट उतरवून घ्यायला सांगायचे, पानासोबत फॉन्टही पाठवणारे डायनॅमिक फॉन्टचे तंत्र वापरायचे किंवा मजकुराचे चित्र करून लावायचे. पहिला उपाय सामान्य वाचकाला जमत नसे. दुसरा ठरावीक ब्राउझरमध्येच चाले. तिसऱ्यात मजकूर शोधता येत नसे आणि बदलताही येत नसे. विंडोज २००० आणि एक्सपीपासून देवनागरी युनिकोडचा आधार मिळाला, इनस्क्रिप्ट कळफलक रुळू लागला, तेव्हा कुठे मराठी मजकूर मजकूर म्हणूनच साठवणे शक्य झाले. कोणतीही सीएमएस मराठीत उपयोगी पडण्यासाठी ही पूर्वअट होती, कारण सीएमएस मजकूर डेटाबेसमध्ये साठवते आणि डेटाबेसमधल्या मराठीला एकच सर्वमान्य मांडणी लागते.

सीएमएस म्हणजे नेमके काय

सीएमएसचे मूळ तत्त्व साधे आहे. मजकूर आणि त्याचे रूप वेगळे ठेवायचे. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, रूप साच्यात राहते आणि वाचकाने पत्ता उघडला की दोन्ही जोडून पान तयार होते. यामुळे रंग, रचना, यादी एका जागी बदलली की सगळ्या पानांवर बदलते. मजकूर भरणाऱ्याला एचटीएमएल यावे लागत नाही. प्रत्येक वापरकर्त्याला वेगळे लॉगिन देता येते, एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने तपासून प्रसिद्ध करायचे अशी साखळी बसवता येते. सरकारी कार्यालयातील टिप्पणी, मान्यता आणि जावक या क्रमाशी ही रचना चांगली जुळते.

ड्रुपल २००१ मध्ये, वर्डप्रेस २००३ मध्ये आणि जूमला २००५ मध्ये आली. तिन्ही मुक्त स्रोत प्रणाली आहेत. परवान्याचे पैसे लागत नाहीत आणि त्यांचा कोड तपासता येतो. वर्डप्रेस शिकायला सोपी, ड्रुपल मोठ्या आणि गुंतागुंतीच्या माहितीसाठी अधिक बळकट, असा सर्वसाधारण समज झाला. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा सरकारी निवडीत अशा प्रणालींना प्राधान्य मिळाले.

कायद्यांचा रेटा

संकेतस्थळ ताजे ठेवण्याची गरज कायद्याने निर्माण केली. माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कार्ये, अधिकाऱ्यांची कर्तव्ये, निर्णयप्रक्रिया, वेतन, अंदाजपत्रक, माहिती अधिकाऱ्यांची नावे अशा १७ बाबी स्वतःहून प्रसिद्ध करायच्या आणि त्या अद्ययावत ठेवायच्या आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या प्रत्येक शाखेची ही माहिती हाताने लिहिलेल्या पानांवर सांभाळणे अशक्यप्राय होते.

२००९ मध्ये भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आली. प्रत्येक मजकुराचा मालक कोण, तो कधी तपासायचा, मुदत संपल्यावर कुठे ठेवायचा, हे त्यांत सांगितले होते. राज्यात महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये आला आणि सेवा, त्यांची मुदत व संबंधित अधिकारी जाहीर करणे बंधनकारक झाले. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानाने आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने आणखी एक अट घातली. दृष्टिहीन नागरिकाला स्क्रीन रीडरच्या साहाय्याने सरकारी संकेतस्थळ वाचता आले पाहिजे. सीएमएस निवडण्याचे निकष यातून तयार झाले: अनेक हातांनी भरता येणे, मुदतीचे भान, दोन भाषा, सुगमता आणि सुरक्षा.

ड्रुपलकडून वर्डप्रेसकडे

एनआयसीने आधी ड्रुपलवर आधारलेली स्वतःची चौकट तयार केली आणि केंद्रातील अनेक मंत्रालयांची संकेतस्थळे तिच्यावर आणली. ६ एप्रिल २०१८ रोजी संरक्षण मंत्रालयाचे संकेतस्थळ बंद पडले आणि पडद्यावर एक चिनी अक्षर दिसू लागले. हॅकिंगची चर्चा देशभर झाली. सरकारकडून खुलासा आला की तो यंत्रसामग्रीतील बिघाड होता. ते अक्षर ड्रुपलच्या ‘झेन’ नावाच्या साच्याचे मूळ बोधचिन्ह होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ड्रुपलमधील एक गंभीर सुरक्षा त्रुटी जगजाहीर झाली होती आणि सर्वांनाच तातडीने दुरुस्ती करावी लागली होती. सीएमएस बसवणे एकदाचे काम असते, ती सांभाळणे रोजचे, हे या वर्षाने ठळक केले. ७०० हून अधिक जिल्ह्यांनी आपापली सीएमएस निवडून आपापल्या परीने सांभाळावी, ही कल्पना यामुळे टिकणारी नव्हती.

याच सुमारास एनआयसीने एस-थ्री-वास ही सेवा जिल्ह्यांसाठी पुढे आणली. सुरक्षितता, हवे तसे वाढवता येणे आणि सुगमता या तीन गुणांवर तिचे नाव बेतले आहे. तिचा पाया वर्डप्रेसचा आहे, पण जिल्ह्याला मोकळी वर्डप्रेस मिळत नाही. साचे ठरलेले असतात, कोणतेही प्लगइन, म्हणजे बाहेरून जोडायचा पूरक कोड, स्वतःहून बसवता येत नाही, सर्व्हर आणि सुरक्षा दुरुस्त्या एनआयसीकडे राहतात. वर्डप्रेसमधील बहुतेक धोके बाहेरून बसवलेल्या प्लगइनांतून येतात, हे लक्षात घेतले तर ही मर्यादा शहाणपणाची आहे. देशातील जिल्ह्यांची संकेतस्थळे एकामागून एक या सेवेवर गेली आणि भंडाऱ्याचे संकेतस्थळही गव्ह डॉट इन या पत्त्यावर याच साच्यात आले.

भंडाऱ्याला काय मिळाले

नव्या रचनेत मराठी आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्या शेजारी शेजारी चालतात. घोषणा, निविदा, भरती, विभाग, अधिकाऱ्यांची यादी, नागरिकांची सनद, पर्यटनस्थळे, सार्वजनिक सुविधा असे मजकुराचे प्रकार आधीच आखलेले असतात. सूचनेला सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्यावी लागते आणि मुदत संपली की ती आपोआप जुन्या नोंदींत जाते. मजकुराची मालकी आणि जबाबदारी जिल्हा प्रशासनाची, तर उभारणी व होस्टिंग एनआयसीचे, अशी विभागणी संकेतस्थळाच्या तळाशीच नमूद असते.

या विभागणीचे महत्त्व भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात विशेष आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला, तेव्हा मध्य प्रदेशातील धरणाचा विसर्ग आणि ३३ दरवाजांच्या गोसीखुर्द प्रकल्पाची स्थिती यांची माहिती तासातासाला महत्त्वाची होती. गोसीखुर्दचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले आणि तेव्हापासून भूसंपादन व पुनर्वसनाचे दस्तऐवज साठत आले आहेत. प्रकल्पग्रस्तांना अधिसूचना आणि निवाडे वर्षानुवर्षे लागतात. पुराच्या माहितीला वेग हवा, पुनर्वसनाच्या कागदाला टिकाऊपणा हवा आणि धान खरेदी केंद्रांच्या यादीला हंगामागणिक बदल हवा. एकाच प्रणालीला या तिन्ही गरजा भागवाव्या लागतात.

समान साच्याची किंमतही आहे. पवनीचे प्राचीन बौद्ध स्तूप, तुमसरचा तांदळाचा बाजार, चिखला व डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, कोसा रेशीम आणि पितळी भांड्यांची परंपरा या सगळ्यांना तोच ठरावीक चौकोन मिळतो, जो इतर कोणत्याही जिल्ह्याच्या मजकुराला मिळतो. जिल्ह्याची ओळख साच्यातून दिसत नाही. ती मजकुरातूनच यावी लागते, आणि तो मजकूर जिल्ह्यातच, मराठीत, नव्याने लिहावा लागतो. गॅझेटिअरमधला उतारा जसाच्या तसा उचलला, तर अविभाजित जिल्ह्याचे आकडे आजचे म्हणून पुढे जातात.

बाकी राहिलेले काम

सरकारी संकेतस्थळांवरील मोठी त्रुटी आज सीएमएसमध्ये नाही, ती सवयीत आहे. सूचना कागदावर छापायची, सही-शिक्का करायचा, स्कॅन करायची आणि पीडीएफ चढवायची ही पद्धत सर्वत्र रूढ आहे. अशा पीडीएफमध्ये अक्षरे नसतात, अक्षरांचे छायाचित्र असते. शोधयंत्राला ते सापडत नाही, स्क्रीन रीडरला वाचता येत नाही आणि भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर शेतकऱ्याला ते ताणून ताणून पाहावे लागते. फॉन्टच्या काळातला मजकुराचे चित्र लावण्याचा उपाय अशा रीतीने युनिकोडच्या काळातही टिकून आहे. यावरचा उपाय खर्चिक नाही. सहीची प्रत सोबत ठेवून सूचनेचा मजकूर पानावर युनिकोडमध्ये टंकला, तरी पुरते.

२०२५ च्या आरंभी राज्य शासनाने कार्यालयांसाठी १०० दिवसांचा सुधारणा कार्यक्रम राबवला. त्यातील मुद्द्यांमध्ये संकेतस्थळ अद्ययावत व सुलभ करण्याचा समावेश होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने सरकारी संकेतस्थळांच्या एकसारख्या रूपासाठी डिजिटल ब्रँड ओळखीची नियमावली आणली. रूपाचा निर्णय अशा प्रकारे आणखी वरच्या पातळीवर गेला आणि जिल्ह्याच्या हाती केवळ मजकूर उरला.

जिल्ह्यातील महाविद्यालये, सहकारी संस्था आणि बचत गटांना मात्र ही निवड स्वतः करावी लागते. त्यांच्यासाठी निकष असे आहेत. प्रणाली मुक्त स्रोत असावी, तिच्या सुरक्षा दुरुस्त्या वेळेवर लावणारे कोणी नेमलेले असावे, प्लगइन मोजकेच असावेत, मजकूर युनिकोड मराठीत शोधता यावा, सगळा डेटा हवा तेव्हा बाहेर काढता यावा आणि संकेतस्थळाचा पत्ता व पासवर्ड बनवून देणाऱ्या व्यक्तीच्या नव्हे तर संस्थेच्या नावावर असावेत. या सगळ्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: मजकूर कोण लिहिणार आणि कोण तपासणार. ती ठरली असेल तर साधी प्रणालीही उपयोगी पडते. ती ठरली नसेल तर उत्तम सीएमएसवरही माहिती शिळी होते.