दातांचा हिशोब

'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला दैवाची विसंगती दाखवावयाची होती. दंतवैद्याच्या बिलाची कल्पना त्याला असण्याचे कारण नव्हते. आज मात्र ही म्हण आम्हांस निराळ्या अर्थाने आठवते. चणे आता बहुतेकांना परवडतात. दात परवडत नाहीत. किडलेला दात उपटून टाकणे अजूनही गरिबाच्या आवाक्यात आहे. परंतु तोच दात वाचवावयाचा, म्हणजे त्याची मुळे साफ करून ती भरावयाची आणि वर टोपी बसवावयाची, असे ठरले की रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाची कित्येक दिवसांची मजुरी त्यात जाते. परिणामी श्रीमंताच्या तोंडात दात राहतात आणि गरिबाच्या तोंडात फटी. माणसाची ऐपत त्याने तोंड उघडताच कळावी, ही गोष्ट कोणत्याही समाजास भूषणावह नाही.

असे का झाले? प्रश्न वैद्यकातला दिसतो. त्याचे उत्तर मात्र पुष्कळ अंशी इतिहासात आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, डोळे, ताप, बाळंतपण, साथीचे रोग यांना समाजाच्या सामायिक हिशोबात हळूहळू जागा मिळाली, परंतु दातांना ती कधी मिळाली नाही. दात हा ज्याचा त्याचा खाजगी मामला मानला गेला, आणि जे खाजगी मानले जाते त्याची किंमत बाजार ठरवितो. हे म्हणणे पटवून देण्यासाठी आम्ही आरंभ आपल्या मावळातूनच करतो.

मळवली स्टेशनावर उतरून विसापूरच्या डोंगराकडे चालू लागले की थोड्याच वेळात भाजे गाव लागते, आणि गावावरच्या कड्यात ती प्रसिद्ध लेणी. चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले मानतात. पाहुणे त्याची कमान पाहून थक्क होतात आणि परत फिरतात. शेजारच्या पाण्याच्या टाक्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. त्यांतील एका टाक्यावर ब्राह्मी अक्षरांत लेख आहे. महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने हे टाके दान दिले, एवढाच त्याचा आशय. येथल्याच दुसऱ्या एका लेखात बाधा नावाच्या बाईचे दान नोंदले आहे. ती 'हालिकजाया', म्हणजे नांगर धरणाऱ्याची बायको, होती. महारठी आणि नांगऱ्याची बायको या दोघांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे खर्चाचा वाटा उचलला, आणि पाणी मात्र जो वर चढून येईल त्या सर्वांचे झाले. सामायिक गरज भागविण्याची ही रीत आमच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी खोदून ठेवलेली आहे.

या विहारांत राहणाऱ्या भिक्षूंच्या दातांचीही व्यवस्था होती. विनयपिटकातील चुल्लवग्गात दंतकाष्ठाविषयी नियम आहेत. दात न घासल्याने तोंडाला दुर्गंधी येते, अन्नाची चव कळत नाही, असे पाच तोटे तेथे सांगितले आहेत. काडी आठ अंगुळांहून लांब नसावी आणि चार अंगुळांहून आखूड नसावी, असाही दंडक आहे. त्यामागची कारणे मोठी मजेदार आहेत. काही व्रात्य भिक्षू लांब काडीने श्रामणेरांना मारीत, आणि आखूड काडी एकाने चघळता चघळता गिळली! असाच काही शिरस्ता भाज्याच्या विहारांतही असावा, असे मानण्यास हरकत नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, येथे दंतरक्षण हा संघाच्या शिस्तीचा भाग होता. थोराला एक काडी आणि धाकट्याला दुसरी, असा भेद नव्हता. आणि काडी झाडावर फुकट मिळत होती.

रोग जडल्यावरच्या उपचारांचेही ज्ञान आपल्याकडे होते. सुश्रुताने तोंडाचे ६५ रोग मोजले. त्यांपैकी १५ हिरड्यांचे आणि ८ प्रत्यक्ष दातांचे. त्याच्या शस्त्रांच्या यादीत दंतशंकूचे नाव आहे. वैद्यांची ऐपतही काही ठिकाणी चांगली असावी. पितळखोऱ्याच्या लेण्यांत मगिल नावाच्या राजवैद्याने आणि त्याच्या कुटुंबीयांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत, आणि कोकणातील कुडे येथे सोमदेव नावाच्या वैद्याने लेणे दिल्याची नोंद आहे. तथापि हे ज्ञान खेड्यातल्या कुणब्यापर्यंत फारसे पोहोचले नाही. त्याच्या वाट्याला आली बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी, चुलीतली राखुंडी, आणि दाढ असह्य झाली म्हणजे गावचा न्हावी किंवा फिरता वैदू. उपचार एकच होता: उपटणे. तो स्वस्त होता, क्षणाचा होता आणि क्रूर होता.

एकोणिसाव्या शतकाने दोन गोष्टी एकदम बदलल्या. पहिली म्हणजे विद्या. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८४० साली जगातले पहिले दंत महाविद्यालय निघाले, आणि १८४६ साली बॉस्टन येथे मॉर्टन या दंतवैद्याने ईथरच्या गुंगीचा जाहीर प्रयोग करून दाखविला. वेदना ताब्यात आली तसे दात कोरणे, भरणे, वाचविणे शक्य झाले. आजच्या खर्चाचे मूळ येथेच आहे. दात उपटावयास चिमटा आणि मनगट पुरत असे. वाचवावयास यंत्र, औषध, वेळ आणि शिकलेला हात लागतो. वेदना घटली, खर्च वाढला.

दुसरी गोष्ट साखर. तोंडातले सूक्ष्म जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कवच झिजविते. पदार्थ जितका चिकट आणि जितक्या वेळा खाल्लेला, तितके नुकसान अधिक. बोरघाटातून आगगाडी १८६३ साली सुरू झाली, लोणावळे नावारूपास आले, आणि पुढे लोणावळ्याची चिक्की घरोघर गेली. चिक्कीला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ती आम्हांसही आवडते. परंतु सणावारी मिळणारे गोड रोजचे झाले, ही घटना आर्थिक इतिहासाइतकीच दंतवैद्यकाच्याही इतिहासातली आहे. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्याच परिसरात, लोणी येथे, आज ग्रामीण दंत महाविद्यालयही आहे. विनोदाचा भाग सोडला तरी हा योग विचार करावयास लावणारा आहे.

या बदलास आपल्या देशाने कसे तोंड दिले? डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने आरोग्याचा प्रचंड अहवाल सादर केला. हे भोर जन्माने नाशिकचे आणि शिक्षणाने पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे. शिकलेल्या दंतवैद्यांचे प्रमाण त्या वेळी सुमारे ३ लाख लोकांमागे एक असे होते, आणि ते ४,००० लोकांमागे एक येथवर नेण्याचे ध्येय समितीने पुढे ठेवले. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. पदवीधरांची नोंद एका भागात आणि पदवी नसली तरी पाच वर्षे हाच धंदा केलेल्यांची नोंद दुसऱ्या भागात, अशी तडजोड त्यात होती. पदवी नसलेले अनुभवी दंतवैद्य या दुसऱ्या दाराने आत आले. उपचार कोणी करावा, हे या कायद्याने ठरविले. उपचार कोणास मिळावा, याविषयी त्यात काही नव्हते.

त्याच १९४८ साली ब्रिटनने उलट टोकाचा प्रयोग केला. राष्ट्रीय आरोग्यसेवेत दातही घेतले, आणि तेही मोफत. कृत्रिम दातांसाठी एवढी रीघ लागली की सगळे अंदाज चुकले. वर्षानुवर्षांचे साठलेले दुखणे एकदम दाराशी आले होते. १९५१ साली सरकारने कवळीवर आणि चष्म्यावर आकार बसविला, आणि ही सेवा उभी करणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी त्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढल्या वर्षी दंतोपचारांवरही आकार आला. श्रीमंत राष्ट्रासदेखील काटकसरीची वेळ येताच प्रथम दातच आठवले, हा या प्रकरणाचा बोध. आज तेथेही सरकारी सेवेतला दंतवैद्य मिळत नाही, अशी लोकांची ओरड आहे.

आपल्याकडे दंतवैद्य घडविण्याचे काम पुढे बरेचसे खाजगी संस्थांकडे गेले. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदान महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. देणग्यांचा सुळसुळाट इतका झाला की १९८७ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. देशात आज तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि नोंदलेले दंतवैद्य तीन लाखांच्या वर गेले आहेत. भागाकार केला तर भोर समितीने मागितलेले प्रमाण जवळजवळ गाठले गेले आहे. आणि तरीही भाज्याच्या म्हातारीची दाढ दुखतेच आहे! कारण भागाकार देशाचा होतो, दाढ एकाची असते. पुण्याच्या एकेका रस्त्यावर पाच पाच पाट्या दिसतात आणि डोंगराकडच्या वाड्यांत एकही नाही. लाखो रुपये शुल्क भरून बाहेर पडलेला तरुण खुर्ची, क्ष-किरण यंत्र, निर्जंतुकीकरणाची सामग्री आणि जागेचे भाडे यांच्या कर्जासह दवाखाना थाटतो. ते कर्ज अखेर रुग्णाच्या बिलातूनच फिटणार. या डॉक्टरास लोभी म्हणणे सोपे आहे. परंतु त्याला या हिशोबात बसविले कोणी, हेही विचारले पाहिजे.

विम्याचा आधार घ्यावा तर सामान्य आरोग्यविम्यात दाताचे नेहमीचे उपचार बहुधा धरलेले नसतात. सरकारी विमा योजनांचा रोख मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याजोग्या मोठ्या आजारांवर असतो, आणि दाढेसाठी कोणी दाखल होत नाही. म्हणून भाज्याचा शेतमजूर प्रथम लवंगेचे तेल लावतो, मग वेदनेची गोळी घेतो, आणि सूज गालावर आली म्हणजे मजुरी बुडवून लोणावळे किंवा तळेगाव गाठतो. सुरुवातीस लहानशा भरणीने भागले असते, तेथे आता मुळांचा उपचार तरी करावा लागतो किंवा दात तरी गमवावा लागतो. उशीर हा गरिबीचा कर आहे. आणि तो गरिबाकडूनच वसूल होतो.

यात जिवाचाही प्रश्न आहे. आमच्या खेड्यांत आयाबाया पिढ्यान् पिढ्या मशेरी लावीत आल्या. तंबाखू भाजून केलेली ही पूड दात स्वच्छ करते, ही समजूत. प्रत्यक्षात ती हिरड्यांचा नाश करते आणि तोंडाच्या कर्करोगास वाट करून देते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ साली बंदी झाली आणि महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोणता कायदा पोहोचणार? गालाच्या आतला पांढरा चट्टा प्रथम दिसतो तो दंतवैद्यास. दंतवैद्यच नसेल तर तो चट्टा दिसतो थेट कर्करोगाच्या रुग्णालयात, आणि तेव्हा पुष्कळदा वेळ टळलेली असते.

उपाय काय? फार अवघड नाहीत. शाळेत वर्षातून एकदा दातांची तपासणी व्हावी. ग्रामीण रुग्णालयातील दंतवैद्याचे पद भरलेले असावे, आणि त्याच्या हाताशी दात उपटण्याबरोबर दात भरण्याचेही साहित्य असावे. दंत महाविद्यालयांत शिक्षणाचा भाग म्हणून अल्प खर्चात उपचार होतात. त्या महाविद्यालयांच्या फिरत्या गाड्या ठरलेल्या वारी ठरलेल्या गावी याव्यात. आशाताईंना पांढरा चट्टा ओळखावयास शिकवावे. दात कोरून पोट भरत नाही, असे आपण म्हणतो. दातांवरचा खर्च तोडून सरकारी तिजोरीही भरत नाही. आज वाचविलेला पैसा उद्या कर्करोगाच्या वॉर्डात दामदुपटीने द्यावा लागतो.

भाज्याच्या टाक्यावर विण्हुदताने आपले नाव कोरून घेतले. त्यातले पाणी मात्र त्याने आपल्या नावावर ठेवले नाही. पाणी सामायिक असावे, हे त्या काळास कोणी पटवून द्यावे लागले नाही. दातांविषयी तेच पटवून देण्यास आपणांस इतकी शतके लागावीत, याचे आम्हांस नवल वाटते.