उतारवयाची तरतूद : मृत्युपत्र, बक्षीसपत्र आणि निगा

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली जुलै महिन्याचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन म्हणून ठरवून दिला. त्या दिवशी धर्मग्रामांत ज्येष्ठांचा सत्कार होतो व त्यांच्यासाठी मिस्साबलिदान अर्पण केले जाते. परंतु आजारपणात निगा कोण राखणार, तिचा खर्च कोठून होणार आणि राहते घर कोणाच्या नावावर असणार, हे प्रश्न बहुतेक घरांत न बोलताच राहतात. म्हणून ह्या विषयाची प्राथमिक माहिती आम्ही येथे देत आहोत.

बायबलमधील बेनसिरा ह्या ज्ञानग्रंथाच्या ३३ व्या अध्यायात ह्याविषयी रोखठोक उपदेश आहे. आपण हयात असेपर्यंत आपल्या मालमत्तेवरील ताबा कोणाच्याही हाती देऊ नये, मुलांच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ स्वतःवर आणू नये आणि वारसा वाटावा तो आयुष्याच्या अखेरीस, असा त्याचा आशय आहे. चौथी आज्ञा मुलांना आईवडिलांचा मान राखण्यास सांगते. त्याच वेळी हा ग्रंथ आईवडिलांना विवेकाने वागण्यास सांगतो.

मृत्युपत्र नसल्यास

ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता पती वारल्यास पत्नीस एक-तृतीयांश व मुलांना दोन-तृतीयांश हिस्सा मिळतो. पत्नी आधी वारल्यास पतीसही हाच नियम लागू होतो. मुलगा व मुलगी ह्यांत भेद नाही. लग्न झालेल्या मुलीचाही समान हक्क आहे. मात्र घर एकट्या पतीच्या नावावर असेल तर विधवेच्या वाट्यास त्याचा तिसरा हिस्साच येतो, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गोव्यात नियम वेगळे आहेत. तेथे मुले असल्यास मृत्युपत्राने सर्वसाधारणपणे आपल्या निम्म्या मालमत्तेचीच विल्हेवाट लावता येते.

मृत्युपत्र कसे करावे

१. मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी ऐच्छिक असली तरी दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घेणे हिताचे.

२. किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. ज्यास काही द्यावयाचे आहे, तो किंवा त्याची पती-पत्नी साक्षीदार असू नये. तसे झाल्यास त्याला दिलेला हिस्सा रद्द ठरतो.

३. विवाह केल्यावर पूर्वीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. पुनर्विवाह करणाऱ्यांनी ते नव्याने करावे.

४. धर्मकार्यास दान देण्याबाबत ख्रिस्ती लोकांवर असलेले जाचक बंधन सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली रद्द केले. तरीही आम्ही हेच सांगू की, आधी जोडीदाराची सोय व्हावी, मग चर्चचा विचार करावा.

बँकेत नॉमिनीचे नाव दिले म्हणजे मृत्युपत्राची गरज उरत नाही, हा समज चुकीचा आहे. नॉमिनी सर्वसाधारणपणे रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो. मालकी वारसांचीच राहते.

बक्षीसपत्राचा धोका

मृत्युपत्र कधीही बदलता येते. नोंदलेले बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही. जमिनींचे भाव वाढल्यापासून, ‘नंतर कटकट नको’ म्हणून वाडी वा घर मुलाच्या नावावर करून दिल्याची आणि पुढे त्याच घरात पाहुण्यासारखे राहावे लागल्याची उदाहरणे आम्हांस ठाऊक आहेत. त्या वृद्धांचे दुःख अन्नापेक्षा मानाचे असते.

पालक व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेला कायदा येथे उपयोगी पडतो. त्याच्या २३ व्या कलमानुसार, निगा राखण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि ती अट पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकते. अशी अट असणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने ह्या कायद्याचा उदार अर्थ लावून एका मातेची मालमत्ता तिला परत मिळवून दिली. म्हणून बक्षीसपत्र करणे अटळच असेल, तर निवासाचा हक्क, अन्न, औषधोपचार व सेवाशुश्रूषा ह्यांच्या अटी दस्तातच स्पष्ट लिहाव्यात. ह्याच कायद्याखाली दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. मूलबाळ नसलेल्यांना, ज्या नातलगाकडे त्यांची मालमत्ता जाणार आहे, त्याच्याकडे तो मागता येतो.

खर्च व निर्णय

सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत नोंदणी करता येते. तिच्यात कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांची सोय आहे. परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ घरी बसणाऱ्या बाईचा पगार त्यातून मिळत नाही. त्यासाठी वेगळी रक्कम ठेवावी. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख रुपयांपर्यंत गुंतवता येतात आणि दर तिमाहीस व्याज मिळते.

कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी भ्रमिष्ट झाल्यास ते कायद्याने संपुष्टात येते. त्यामुळे स्मृतिभ्रंशाच्या काळात त्यावर विसंबता येत नाही. बँक खाते जोडीदाराबरोबर संयुक्त करून ठेवणे हा साधा उपाय आहे.

अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली व २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी ह्यांच्यासमोर असा लेख करता येतो. ख्रिस्तसभेची शिकवण येथे स्पष्ट आहे. दयामरण वर्ज्य आहे. मात्र निष्फळ व असह्य ओझे ठरणारे उपचार नाकारण्यास मुभा आहे. अन्न, पाणी व नित्याची शुश्रूषा थांबवू नये. लेख करण्यापूर्वी आपल्या धर्मगुरूंशी बोलावे.

परदेशी असलेली मुले नाताळात वा मे महिन्यात घरी येतात. संध्याकाळच्या रोझरीनंतर सर्वांनी एकत्र बसावे, कागदपत्रे पुढे ठेवावीत आणि आईवडिलांची इच्छा त्यांच्याच तोंडून ऐकावी. मग वकिलाकडे जावे. ह्यात अविश्वास नाही. उलट आपल्यामागे भावंडे कोर्टात उभी राहू नयेत, ह्यासाठी आईवडिलांनी केलेले हे प्रेमाचे काम आहे.